छोटी गाडी आणि बारकाव्यांचे इमान



ज्या शाळेच्या पायरीवर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेत आज व्याख्याता म्हणून उभा राहताना मन संकोचते. त्यातही हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ होते, ते आपले चित्रकलेचे गुरुजी. त्यांच्या वर्गात मी कधीही पहिला आलो नाही. व्याख्यानाचा विषय कळवा, असे संस्थेचे पत्र आले. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. तेव्हा संतसाहित्य किंवा भाषाशुद्धी असे काही मी कळवीन, असा आपला समज असणार. मी कळवले, ‘आगगाडीची प्रतिकृती’. हे उतारवयातले चळ आहे असे कुणाला वाटले असल्यास त्यांना दोष देत नाही. या छंदातून मला जे शिकायला मिळाले, ते मी चाळीस वर्षे वर्गात शिकवत होतो आणि तरीही पुरते शिकलो नव्हतो, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रारंभ गुरुजींपासूनच करतो. साल १९५८ किंवा ५९ असेल. ‘पाहिलेली वस्तू’ असा विषय त्यांनी दिला. मी आगगाडीचे इंजिन काढले. धुराचा लोट, शिट्टी, आतून डोकावणारा ड्रायव्हर, सारे काही होते. खाली एका ओळीत आठ सारखी चाके काढली होती. गुरुजींनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “चाकं मोजलीस का रे?” मी गप्प. “मग ही आठ कुठून आणलीस?” ते रागावले नाहीत. बरोबर आकडा किती, हेही त्यांनी सांगितले नाही. कागद परत दिला आणि म्हणाले, “संध्याकाळी स्टेशनावर जा. मोजून ये.”

मी गेलो. गोंदियाहून आलेली गाडी फलाटाला लागली होती. इंजिनाच्या एका बाजूला पुढे दोन लहान चाके, मग तीन मोठी, आणि मागे एक लहान. तीनदा मोजली. दुसऱ्या दिवशी सांगितले, तेव्हा गुरुजींनी पुढचा प्रश्न विचारला, “मोठ्या चाकांना जोडणारा दांडा कोणत्या चाकाला बसवला आहे?” पुन्हा स्टेशन. त्या महिन्यात मी किती खेपा घातल्या ते आठवत नाही. चित्र शेवटपर्यंत चांगले आले नाही. परंतु रोज दिसणारी वस्तू आपण पाहिलेली नसते, एवढे मात्र मला त्या वयात कळले.

ती गाडी आज नाही. येथील मुलांनी ती पाहिलेली नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा लोहमार्ग टाकला. दोन रुळांमधले अंतर अवघे २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या मार्गाचे अंतर ५ फूट ६ इंच. त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून आपण तिला ‘छोटी लाईन’ म्हणत आलो. साल-सागाच्या जंगलातून, समनापूर, चरेगाव, लामटा अशी स्टेशने घेत ती नैनपूरला पोचे. बांबू, लाकूड, बाजाराला निघालेली माणसे, लग्नाची वऱ्हाडे, सारे तिच्यातूनच जाई. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. मामाचे गाव एका राज्यात आणि आपले घर दुसऱ्या राज्यात, अशी अनेक कुटुंबांची स्थिती झाली. त्या दोहोंना रोज टाचून ठेवणारा दोरा ही छोटी गाडी होती. गोंदिया-बालाघाट मार्ग आधी रुंद झाला. उरलेल्या नैनपूरकडच्या मार्गावरची छोटी गाडी २०१५ साली थांबली. आज त्याच दिशेने मोठी गाडी धावते आणि ती अधिक सोयीची आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार नाही. मूळ वस्तू गेल्यावर तिच्याविषयी खरे काय ते कुणी आणि कसे सांगायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

निवृत्तीनंतर मी पुण्यास मुलाकडे गेलो असता कोथरूडमधील जोशी यांचे लहान रेल्वेचे संग्रहालय पाहिले. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे तेथे एक गावच आहे. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, रस्त्यावर दिवे लागतात, सर्कशीचा तंबूही आहे. माझा नातू गाड्या पाहत होता. मी मात्र रुळांकडेचे कुंपण आणि दिव्यांचे खांब पाहत राहिलो. कुणीतरी हे खांब मोजले आहेत, असे मला एकाएकी वाटले, आणि पन्नासहून अधिक वर्षांनी गुरुजींचा आवाज कानी आला. परतल्यावर मी बालाघाटचे जुने स्टेशन करायला घेतले. जेवणाच्या टेबलाएवढी फळी, पुठ्ठा, बांबूच्या काड्या, डिंक आणि पुण्याहून आणलेले थोडे रूळ, एवढेच भांडवल होते.

येथे कुणी म्हणेल, हे खेळणे झाले. खेळणे आणि प्रतिकृती यांतला भेद आपल्या भागातल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तान्हा पोळा भरवतो. लाकडी नंदीला चाके असतात. खऱ्या बैलाला चाके नसतात, हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरी कुणी त्यास खोटा म्हणत नाही. परंतु त्याच नंदीचे वशिंड जर सुताराने मानेऐवजी पाठीच्या मध्यावर बसवले, तर पाच वर्षांचे पोरही हसेल. चाके ही उघड सवलत आहे. वशिंडाची जागा चुकणे हे अज्ञान आहे. प्रतिकृतीचे सारे शास्त्र या एका भेदात आहे.

आता थोडे गणित. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले तर ८.७६ मिलिमीटर येतात. तेवढ्या अंतराचे रूळ बाजारात मिळत नाहीत. मिळतात ते ९ मिलिमीटरचे. म्हणजे माझ्या फळीवरची छोटी लाईन खऱ्या मापात ७८३ मिलिमीटरची झाली, २१ मिलिमीटरांनी रुंद. मोठ्या मार्गाची प्रतिकृती करणाऱ्यांची अडचण याहून मोठी. आपला मोठा मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा १९.२६. तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोपातल्या ४ फूट साडेआठ इंची मार्गासाठी केलेले. त्यावर भारतीय डबा ठेवला की तो अरुंद पायांवर उभा असलेल्या जाड माणसासारखा दिसतो. इंग्लंडमध्येही हा प्रश्न होता. तेथील प्रचलित प्रमाण १:७६.२, आणि रूळ मात्र तेच १६.५ चे. काही हट्टी मंडळींनी ते नाकारून १८.८३ मिलिमीटरचे रूळ हाताने घडवायला घेतले. मिलिमीटरच्या शतांशासाठी! त्यांना वेडे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांच्या वेडाचा उपयोग असा झाला, की इतरांना आपण किती आणि कोठे तडजोड करतो आहोत, हे आकड्यात कळू लागले.

तडजोड टळत नाही. गोंदिया ते बालाघाट हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. सत्त्याऐंशीव्या हिश्शाने ते ४६० मीटर भरते. इतकी लांब फळी कुणाच्या घरात मावेल? तेव्हा गाळावेच लागते. कवी काय करतो? तोही गाळतोच. चरित्रकार ऐंशी वर्षांचे आयुष्य तीनशे पानांत बसवतो. गाळणे हा दोष नव्हे. दोष आहे तो जे ठेवले त्यात खोटे मिसळण्याचा.

माझी स्वतःचीच चूक सांगतो. वाफेच्या इंजिनावर मी मोठ्या हौसेने बिलासपूरच्या रेल्वेची आद्याक्षरे रंगवली. कारण अलीकडे स्टेशनावर तीच वाचत आलो होतो. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे हा विभाग २००३ साली कार्यरत झाला. वाफेची इंजिने त्याआधीच या मार्गावरून गेली होती. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५ नंतर, ही गाडी दक्षिण पूर्व रेल्वेची होती, मुळात ती बंगाल-नागपूरची. अक्षरे चार, परंतु त्यांनी जवळजवळ अर्ध्या शतकाची गल्लत केली. ज्ञानेश्वरांच्या तोंडी एखाद्याने फारसी दरबारी शब्द घालावेत, तसे ते झाले. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मी अशा कालविपर्यासाखाली तांबडी रेघ ओढीत असे. आता तांबडी शाई माझ्या फळीवर सांडली होती. अक्षरे खरवडून काढली.

मग ठरवले, की आठवणीवर विसंबायचे नाही. नागपूरला मोतीबाग येथे छोट्या लाईनचे संग्रहालय आहे. डिसेंबर २००२ मध्ये ते सुरू झाले. तेथे सीसी वर्गाचे ६७७ क्रमांकाचे इंजिन उभे आहे. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने ही इंजिने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधली. त्याच्या शेजारी उभा राहून, पंचाहत्तरीकडे झुकलेला मी, पुन्हा चाके मोजू लागलो. दोन लहान, तीन मोठी, एक लहान. गुरुजी, आकडा बरोबर होता.

परंतु इंजिन संग्रहालयात उरते. स्टेशन उरत नाही. फलाटावर मँगनीजचा ढीग कोठे असे? भरवेलीच्या खाणीचे ते खनिज काळसर तपकिरी. मी आधी त्याला कोळशासारखा निव्वळ काळा रंग दिला होता. पाण्याची टाकी, घंटेचा खांब, वडाचे झाड, यांची एकमेकांपासून अंतरे किती? कागद फार थोडे. छायाचित्रे त्याहून थोडी; त्यांत माणसे पुढे आणि स्टेशन मागे धूसर. उरली ती माणसांची स्मृती.

आणि येथे मला माझ्याच अभ्यासविषयाने हात दिला. माझा प्रबंध महानुभाव गद्याच्या पाठचिकित्सेवर होता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, ते कसे? श्रीचक्रधरांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्यापर्यंत ते स्वतः गेले, विचारले, ऐकले, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. पुढे मूळ पोथी धाडीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. हिराइसेसारख्या स्त्रीच्या स्मरणाला त्यात मान मिळाला. आणि जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तेथे त्यांनी काय केले? एकीस खोटी ठरवून दुसरी गुळगुळीत करून लिहिली नाही. ‘वासना’ म्हणून भिन्न आठवणही नोंदवली. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेली आवृत्ती मी वर्गात कितीदा उघडली असेल! मूळ हरवल्यावर प्रामाणिक प्रत कशी करावी, याचा याहून थोर वस्तुपाठ मराठीत मला माहीत नाही. तो आगगाडीला लागू पडेल, हे मात्र सुचले नव्हते.

मी एक वही केली. जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांकडे जाऊ लागलो. प्रत्येकाचे म्हणणे वेगळ्या पानावर, तारखेसह. आपापसांत बोलण्यापूर्वी ऐकायचे, कारण चारजण एकत्र बसले की चौघांची मिळून एकच आठवण होते.

मित्रहो, माझे वडील या स्टेशनावर सांधेवाले होते, हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. सत्त्याऐंशीव्या हिश्शाने माणूस १९ मिलिमीटरचा होतो. सांध्याच्या लिव्हरजवळ मी तेवढीच एक आकृती उभी केली होती. उजवा हात लिव्हरवर, डाव्या हातात गुंडाळलेली झेंडी. वडिलांबरोबर एकाच पाळीत आठ वर्षे काम केलेले एक गृहस्थ, नव्वदीला टेकलेले, प्रतिकृती पाहायला घरी आले. भिंग घेऊन सारे पाहिले. टाकी थोडी सरकवायला सांगितली. मग त्या आकृतीपाशी थांबले आणि म्हणाले, “बाळा, हे उलटं केलंस. लिव्हर तो डाव्या हातानं ओढायचा. झेंडी उजव्यात. डावखुरा होता ना तो!”

मी स्तब्ध झालो. घरात मी उजव्या हाताने जेवणारे, उजव्या हाताने सही करणारे वडील पाहिले होते. डावा हात पुढे केला की लहानपणी मार बसे, अशी ती पिढी. घरासाठी, पंगतीसाठी, कागदासाठी त्यांनी उजवा हात शिकून घेतला होता. जेथे सारे बळ लावावे लागे आणि कुणी बोट दाखवणार नव्हते, तेथे त्यांचा खरा हात पुढे येई. मी त्यांचा मुलगा. रोज डबा घेऊन स्टेशनावर जात होतो. इंजिनाची चाके मी मोजली होती. वडिलांचा हात पाहिला नव्हता. त्यांना जाऊन त्या वेळी चाळीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या एका वृद्ध कर्मचाऱ्यास विचारले, तेव्हा ते म्हणाले, “डावखुरा? मला नाही आठवत. उजव्याच हातानं करत असेल.” दोन साक्षी, दोन पाठ. पहिले गृहस्थ एकाच पाळीतले, जवळून पाहिलेले. दुसरे दुसऱ्या पाळीतले. पाठनिश्चितीचा नियम असा, की जवळच्या साक्षीला अधिक वजन द्यावे. मी आकृती नव्याने केली. आता तिचा डावा हात लिव्हरवर आहे. दुसरी वासना वहीत नोंदलेली आहे, आणि ती तेथेच राहील.

इतक्या बारकाव्यांचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. दोन हात अंतरावरून १९ मिलिमीटरच्या माणसाचा हात कुणाला दिसणार? बहुतेकांना दिसत नाहीच. शिवाय या छंदात एक दुर्गुणही शिरतो. दुसऱ्याच्या गाडीतला खिळा मोजून त्याला हिणवणारे पंडित येथे आहेत, जसे ऱ्हस्व-दीर्घावरून कवीला झोडपणारे आमच्यात आहेत. गुरुजींनी मला तसे कधी हिणवले नाही. त्यांनी मला स्टेशनावर पाठवले. बारकाव्याचा आग्रह दुसऱ्याला लहान करण्यासाठी धरला तर तो अहंकार होतो; वस्तूकडे पुन्हा पाठवण्यासाठी धरला तर ते शिक्षण.

इंग्लंडमध्ये रॉय इंग्लंड नावाचे एक गृहस्थ १९२५ साली ऑस्ट्रेलियातून आले. खेड्यांतील जुनी घरे आणि गवती छपरे डोळ्यांदेखत नाहीशी होताना त्यांनी पाहिली आणि ती पुठ्ठ्यावर, एकेक वीट कोरून, करायला घेतली. १९५४ साली त्यातून पेन्डन येथील संग्रहालय उभे राहिले. १९३० च्या सुमाराचा तो प्रदेश आजही तेथे सहकाऱ्यांच्या पिढ्या उभा करीत आहेत. त्यांनी मूळ घरे असताना मोजमापे घेतली. आपल्याला तेवढी उसंत मिळाली नाही. परंतु आपली साक्षीदार माणसे अद्याप काही शिल्लक आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. आपल्या घरी छोट्या लाईनचे एखादे छायाचित्र, जुने तिकीट, वडिलांची शिट्टी, कंदील असेल. वस्तू आपल्यापाशीच ठेवा. छायाचित्राच्या मागे मात्र आज रात्रीच, पेन्सिलीने, साल, जागा आणि माणसांची नावे लिहा. साल ठाऊक नसेल तर अंदाज म्हणून लिहा, अंदाज आहे हेही लिहा. घरात वृद्ध असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवा. शाळेने एक वही ठेवावी. माझी वही आणि ही फळी मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे. मुलांनी तीत चुका काढाव्यात. टाकी अजून दोन बोटे इकडे हवी, असे मला वाटते.

आणि बालमित्रांनो, आज घरी जाताना वाटेत जे रोज दिसते, त्यातले एक काहीतरी मोजा. पुलाचे खांब, दाराचे खिळे, आजीच्या हातातल्या बांगड्या, काहीही. आकडा मला सांगू नका. माझ्या पडताळणीचा त्यात काही उपयोग नाही. गुरुजींनी मला विचारलेला प्रश्न मी फक्त तुमच्यापर्यंत पोचवतो आहे.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून माझे भाषण संपवतो.